पत्ता मालकाच्या नावावर हवा

चाकण, बुटीबोरी, सातपूर, शिरोली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही एमआयडीसीत कारखान्यांच्या पाट्या वाचत गेलं, की एक गोष्ट सारखी दिसते. वर कंपनीचं नाव, त्याखाली जीएसटी क्रमांक, मोबाइल आणि शेवटी ईमेल. हा ईमेल बहुतेक ठिकाणी जीमेलचा असतो. धंदा जुना असेल तर रेडिफमेलचा किंवा याहूचा. कित्येकांची स्वतःच्या नावाची वेबसाइटही असते, पण कोटेशन, बिलं, पर्चेस ऑर्डर सगळं येतं-जातं ते जीमेलवरून.

स्वतःच्या नावाचा ईमेल असला की छाप पडते, हे वेबसाइट करून देणाऱ्यांचं नेहमीचं सांगणं. ते खोटं नाही, पण मुद्दा तो नाही. जीमेलचा तो पत्ता कधीकाळी ऑफिसातल्या एखाद्या माणसाने स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडलेला असतो. तो माणूस नोकरी सोडतो. जाताना पासवर्ड सांगतो किंवा सांगायचा राहतो. मग एक दिवस लॉगिन अडतं, ओटीपी त्याच्या फोनवर जातो, आणि गेल्या कित्येक वर्षांतली कोटेशनं, ड्रॉइंगं, ग्राहकांशी ठरलेले दर अशा खात्यात अडकून पडतात, जे कागदोपत्री कंपनीचं कधी नव्हतंच. मेल स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या इंटरनेटवरच्या नावावर असेल, तर कंपनीचा ॲडमिन दोन मिनिटांत पासवर्ड बदलतो आणि नवा माणूस त्याच मेलबॉक्समधून काम पुढे नेतो.

म्हणून छोट्या कारखान्याने, संस्थेने, शाळेने, डॉक्टर-वकिलांनी स्वतःचं डोमेन घ्यावं आणि मेल त्यावर न्यावा. फक्त हे करताना पहिल्या दिवसापासून एक प्रश्न सोडू नये: यातली कुठली गोष्ट कोणाच्या नावावर आहे?

नावाचा उतारा

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते मुदतीने मिळतं. डॉट कॉम किंवा डॉट इनची नोंदणी एका वर्षापासून जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत करता येते आणि मुदत संपण्याआधी ती वाढवावी लागते. या व्यवस्थेच्या शिखरावर १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था आहे. डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळते, डॉट इनची निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. आपण ज्यांच्याकडे पैसे भरतो ते रजिस्ट्रार, म्हणजे अधिकृत विक्रेते. आणि ज्याच्या नावावर नोंद होते तो रजिस्ट्रंट.

या शेवटच्या शब्दावर सगळं अडतं. वेबसाइट करून देणारा पोरगा ओळखीचा असतो, कधी भाचा, कधी पुतण्या, कधी शेजारच्या गाळ्यातला. तो स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतो, कारण त्याला ते सोयीचं पडतं. त्याचा हेतू वाईट नसतो. पण जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, अशी ही अवस्था आहे. पोरगा पुढे बंगळुरूला नोकरीला जातो, नंबर बदलतो, आणि रिन्यूच्या सूचना त्याच्या जुन्या मेलवर येत राहतात.

आपलं डोमेन कोणाकडे आहे हे पाहण्यासाठी आयकॅनचं नोंदशोधाचं मोफत पान आहे. तिथे नाव टाकलं की रजिस्ट्रार, नोंदणीची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख दिसते. मालकाचं नाव मात्र आता सहसा झाकलेलं असतं. २०१८ साली युरोपात खासगीपणाचा कडक कायदा आला, तेव्हापासून जगभरच्या रजिस्ट्रारांनी ते लपवायला सुरुवात केली. त्यामुळे खरी खात्री एकाच ठिकाणी होते: रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून, रजिस्ट्रंटच्या रकान्यात कंपनीचं नाव आहे का आणि संपर्काचा ईमेल कोणाचा आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचून.

नाव दुसऱ्याचं निघालं तर भांडत बसू नये. संबंध चांगले आहेत तोवर काम उरकावं. सोपा मार्ग असा, की त्याच रजिस्ट्रारकडे कंपनीचं खातं उघडायचं आणि डोमेन त्या खात्यात ढकलून घ्यायचं. बहुतेक रजिस्ट्रार हे काम लगेच आणि मोफत करतात. रजिस्ट्रारच बदलायचा असेल तर जुन्या खात्यातून लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायची परवानगी देणारा कोड, मागावा लागतो आणि तो नव्या रजिस्ट्रारकडे द्यावा लागतो. डॉट कॉमच्या बाबतीत या बदलात मुदत साधारणपणे एका वर्षाने वाढते, म्हणजे भरलेले पैसे वाया जात नाहीत. दोन बारकावे लक्षात ठेवावेत. नव्याने घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डोमेन ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. आणि मालकाचं नाव बदललं तरीही अनेकदा हेच ६० दिवसांचं कुलूप लागतं, म्हणून आधी डोमेन हलवावं, नाव नंतर दुरुस्त करावं.

नाव निवडताना

मराठी नावांची रोमन स्पेलिंगं हा वेगळाच प्रश्न आहे. ‘श्री’ तीन प्रकारे लिहिला जातो, दीर्घ ‘ई’ दोन प्रकारे, आणि ‘व’साठी कोणी व्ही घेतं, कोणी डब्ल्यू. फोनवर नाव सांगितल्यावर समोरच्याने ते पहिल्या फटक्यात बरोबर टाइप केलं पाहिजे, ही एकच कसोटी पुरे. मधली आडवी रेघ टाळावी. ती सांगताना लोक अडखळतात. एक जवळचं स्पेलिंग आणि डॉट कॉम, डॉट इन या दोन्ही जोड्या, म्हणजे नावाचे शेवट, परवडत असतील तर घेऊन ठेवाव्यात. दहा-वीस प्रकार विकत घेत बसण्यात अर्थ नाही.

दुसऱ्याच्या ट्रेडमार्कच्या जवळ जाणारं नाव घेऊ नये. सत्यम इन्फोवे आणि सिफीनेट यांच्यातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच स्पष्ट केलं, की डोमेन नावालाही व्यापारी नावासारखं संरक्षण मिळतं. डॉट इनच्या तंट्यांसाठी तर वेगळी लवाद पद्धत आहे.

पहिल्या वर्षाच्या किमतीला भुलू नये. अनेक नव्या जोड्या पहिल्या वर्षी शंभर-दीडशे रुपयांत मिळतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांचं बिल हजारांत येतं. विकत घेण्याच्या पानावरच रिन्यूचा दर शोधावा. तो बारीक अक्षरांत असला तरी असतो.

देवनागरीत डोमेन मिळतं, हे अनेकांना माहीत नसतं. ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’ खुलं झालं आणि त्यात मराठी नाव तसंच्या तसं नोंदवता येतं. शाळा, वाचनालय, साहित्य संस्था यांनी ते जरूर घ्यावं. आपल्या लिपीतला पत्ता वापरला गेला तरच तो सगळीकडे चालू लागेल. जीमेलनेही २०१४ मध्येच अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करण्याची सोय आणली. पण मुख्य व्यावसायिक ईमेल मात्र अजून त्यावर ठेवू नये. कितीतरी फॉर्म आणि बिलिंग सॉफ्टवेअर देवनागरी ईमेल आजही ‘चुकीचा पत्ता’ म्हणून परत पाठवतात. देवनागरी नावाची पाटी वेबसाइटवर, रोमन नावाचा पत्ता मेलसाठी, अशी विभागणी तूर्त ठीक.

नावातली दोन अक्षरं किती महाग पडू शकतात, याचं उदाहरण मुंबईतच घडलं. ओएनजीसी सौदी अरामकोला नाफ्था विकत होती. भामट्यांनी कंपनीच्या नावातली दोन अक्षरं उलटसुलट करून जवळजवळ तसाच दिसणारा ईमेल पत्ता तयार केला आणि पैसे नव्या बँक खात्यात भरा, असं खरेदीदाराला कळवलं. २०१५ साली गुन्हा नोंदवला गेला तेव्हा रक्कम सुमारे १९७ कोटी रुपयांची सांगितली जात होती. एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या लेखा विभागांना जी गफलत दिसली नाही, ती मोबाइलच्या छोट्या पडद्यावर बिल पाहणाऱ्या माणसाला दिसेल, ही अपेक्षा चुकीची आहे. बँक खातं बदलल्याचा मेल आला, की आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करूनच खात्री करायची, हा नियम प्रत्येक ऑफिसात हवा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावं. सुरुवातीचे तास मोलाचे असतात.

याच धोक्यामुळे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी राखीव अशी ‘डॉट बँक डॉट इन’ ही जोडी जाहीर केली आणि सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं. ही नावं हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्थाच देते, बँकेखेरीज कोणाला ती मिळत नाहीत. देशातल्या सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे या बदलाचं बरंच काम आपल्याकडच्या तालुक्या-तालुक्यातल्या बँकांना करावं लागलं. ग्राहकांनी एवढं करावं: बँकेच्या नावाने मेल आला की पत्त्याचा शेवट तपासावा.

मुदत

२४ डिसेंबर १९९९ रोजी हॉटमेल वापरणाऱ्या असंख्य लोकांना लॉगिन करता येईना. हॉटमेल ही सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी सुरू केलेली सेवा तोवर मायक्रोसॉफ्टकडे गेली होती आणि तिचं लॉगिन पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनवरून होत होतं. त्या डोमेनचे ३५ डॉलर भरायचे राहिले होते. मायकेल चेनी नावाच्या अमेरिकी प्रोग्रामरने नाताळच्या दिवशी ते स्वतःच्या कार्डाने भरून टाकले आणि सेवा पूर्ववत झाली. जगातली सर्वांत मोठी सॉफ्टवेअर कंपनी विसरू शकते, तिथे मार्च एन्डला बुडालेला लघुउद्योजक विसरणारच.

मुदत संपल्यावर नेमकं काय होतं, ते समजून घ्यावं. डॉट कॉमच्या बाबतीत मुदतीआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन सूचना देणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. तारीख उलटली की काही दिवसांत वेबसाइट आणि मेल दोन्ही बंद पडतात. त्यानंतर रजिस्ट्रारच्या धोरणाप्रमाणे, जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत, नेहमीच्या दरात रिन्यू करता येतं. मग ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ लागतो. त्यात नाव परत मिळतं, पण दंडासह, आणि तो नेहमीच्या शुल्काच्या कित्येक पट असतो. शेवटचे पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही. सहाव्या दिवशी ते नाव बाजारात खुलं होतं आणि अशी जुनी नावं टिपणारे व्यापारी यंत्रं लावून बसलेले असतात. मोक्याच्या नावांचा तर मुदत संपल्यावर थोड्याच दिवसांत लिलाव लावण्याची पद्धत कित्येक रजिस्ट्रारांकडे आहे. त्यामुळे सवलतीच्या दिवसांवर विसंबू नये.

ऑटो-रिन्यू लावून निश्चिंत झालेल्या भारतीय ग्राहकासाठी एक खास इशारा. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचे कडक नियम लागू झाले. ग्राहकाने आधी रीतसर संमती नोंदवलेली नसेल तर बँक व्यवहार नाकारते, आणि परदेशी रजिस्ट्रारांकडे ही नोंद अनेकदा झालेलीच नसते. पडद्यावर ‘ऑटो-रिन्यू चालू’ दिसतं आणि पैसे मात्र कापले जात नाहीत. त्यावर उपाय एकच: मुख्य डोमेन एकदम पाच किंवा त्याहून जास्त वर्षांसाठी रिन्यू करावं आणि ती तारीख सीएच्या ऑफिसात, विमा आणि परवान्यांच्या तारखांबरोबर लिहून ठेवावी.

आणखी एक. रजिस्ट्रारच्या खात्यातला संपर्क ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नये. डोमेन बंद पडलं तर मेल बंद, आणि डोमेन चालू करण्याची लिंक येणार त्या बंद मेलवर. इथे मालकाच्या स्वतःच्या ताब्यातलं वेगळं जीमेल खातं उपयोगी पडतं.

मेल कुठे ठेवावा

डोमेन एका कंपनीकडे, वेबसाइट दुसरीकडे आणि मेल तिसरीकडे असं खुशाल ठेवता येतं, नव्हे तसंच ठेवावं. वेब होस्टिंगबरोबर ‘फुकट ईमेल’ मिळतो, तो बहुतेकांच्या गळ्यात पडतो. एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट असतात, सगळ्यांचा मेल एकाच आयपी पत्त्यावरून बाहेर पडतो. शेजारच्या एखाद्या वेबसाइटमध्ये व्हायरस शिरला आणि तिथून स्पॅम सुटला, की तो आयपी काळ्या यादीत जातो आणि निरपराध कारखानदाराची कोटेशनंही ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडतात. दोन-चार मेलपुरतं हे ठीक, धंद्यासाठी नाही.

मग पर्याय उरतात ते दरमहा, दर माणशी पैसे घेणाऱ्या सेवांचे: गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, चेन्नईच्या झोहोचा मेल, किंवा भारतीय होस्टिंग कंपन्यांच्या स्वतंत्र मेल सेवा. ऑफिसात सगळे जीमेलला सरावलेले असतील तर गूगल. एक्सेल आणि आउटलुकवर काम चालत असेल तर मायक्रोसॉफ्ट. मेलबॉक्स बरेच आणि बजेट कमी असेल तर झोहो. दहा माणसांच्या कंपनीत दहाही जणांना महागडं पॅकेज लागत नाही, हे विकणारा सांगत नाही म्हणून ग्राहकानेच विचारावं.

पैसे वाचतात ते मेलबॉक्स आणि पत्ता यांतला फरक कळल्यावर. ‘इन्फो’, ‘सेल्स’, ‘अकाउंट्स’, ‘एचआर’ अशा प्रत्येक पत्त्यासाठी वेगळा मेलबॉक्स घ्यायची गरज नसते. एका माणसाच्या मेलबॉक्सला दुसरा पत्ता जोडता येतो, त्याला एलियस म्हणतात. एकच मेल तिघांना पोहोचवायचा असेल तर ग्रुप करता येतो. दोन्हींसाठी सहसा वेगळे पैसे पडत नाहीत. चार माणसांचं ऑफिस चार मेलबॉक्समध्ये दहा पत्ते आरामात चालवतं.

स्वतःच्या डोमेनवरचा मेल फक्त जीमेलकडे फॉरवर्ड करून घेण्याची युक्ती अनेक जण वापरतात. ती टाळावी. मधला सर्व्हर मूळ पाठवणाऱ्याच्या परवानगीच्या यादीत नसतो, त्यामुळे काही मेल वाटेतच संशयित ठरतात, आणि उत्तर पुन्हा जीमेलच्या पत्त्यावरून जातं.

सेवा निवडताना फार घोळ घालू नये, कारण डोमेन आपलं असेल तर सेवा बदलता येते. गूगलने २००६ साली डोमेनवरचा मेल मोफत द्यायला सुरुवात केली, डिसेंबर २०१२ मध्ये नव्या ग्राहकांसाठी ते बंद केलं. गूगलचा डोमेन विक्रीचा धंदाही २०२३ मध्ये स्क्वेअरस्पेसकडे गेला. ग्राहकांचे पत्ते मात्र होते तेच राहिले. जीमेलचा पत्ता असणाऱ्याला ही मुभा नाही.

डीएनएसचं पान

आता प्रत्यक्ष जोडणी. रजिस्ट्रारच्या खात्यात, किंवा क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेत, डीएनएसचं, म्हणजे डोमेनची वेबसाइट आणि मेल कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदींचं, पान असतं. ही सगळी व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली, आणि पान अजूनही तितकंच साधं आहे: नाव, प्रकार, मूल्य (व्हॅल्यू), टीटीएल असे चार रकाने आणि खाली ओळी. ‘ए’ प्रकारची ओळ वेबसाइटचा सर्व्हर सांगते. ‘एमएक्स’ प्रकारची ओळ मेल कुठे द्यायचा ते सांगते. ‘टीएक्सटी’ प्रकारात परवानग्या लिहिलेल्या असतात. या पानाला हात लावण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. पुढची निम्मी भीती तिथेच जाते.

नवी मेल सेवा आधी एक टीएक्सटी ओळ देते. ती टाकली की डोमेन आपलंच असल्याची खात्री होते. मग एमएक्सच्या ओळी. गूगल आता एकच ओळ देतं, झोहो तीन देतं. प्रत्येकीपुढे प्राधान्याचा आकडा असतो आणि लहान आकडा आधी वापरला जातो. इथे नवशिक्यांची ठरलेली चूक होते ती नावाच्या रकान्यात. तिथे पूर्ण डोमेन लिहिलं की अनेक पॅनेल त्यापुढे आपोआप डोमेन पुन्हा जोडतात आणि दुहेरी नाव तयार होतं. मूळ डोमेनसाठी त्या रकान्यात फक्त ‘ॲट’चं चिन्ह टाकायचं असतं. दुसरी चूक म्हणजे जुन्या सेवेच्या एमएक्स ओळी तशाच ठेवणं. मग काही मेल नव्या मेलबॉक्समध्ये येतात, काही जुन्यात, आणि कोणाचा मेल कुठे गेला हे आठवडाभर कळत नाही.

बदल पसरायला ४८ तास लागतात, असं सरसकट सांगितलं जातं. प्रत्यक्षात ते टीटीएलवर ठरतं. जगभरचे सर्व्हर जुनं उत्तर तेवढे सेकंद जपून ठेवतात. म्हणून ज्या शनिवारी बदल करायचा, त्याच्या दोन दिवस आधी एमएक्स ओळीचा टीटीएल ३०० करून ठेवावा. सगळे मेलबॉक्स आधी तयार करावेत, पासवर्ड वाटावेत, मग शनिवारी संध्याकाळी एमएक्स बदलावा. जुनी सेवा त्याच दिवशी बंद करू नये, निदान महिनाभर चालू ठेवावी.

जुने मेल हलवताना एक गोष्ट आधी पाहावी: ते आहेत कुठे? बऱ्याच ऑफिसांत अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवरचं आउटलुक पॉप पद्धतीने लावलेलं असतं. ते मेल सर्व्हरवरून उतरवून घेतं आणि सर्व्हरवरचे पुसून टाकतं. म्हणजे पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार एका जुन्या हार्ड डिस्कवर, एका पीएसटी फाइलमध्ये. तिची आधी पेनड्राइव्हवर प्रत काढावी, मग बाकीचं. आयमॅप पद्धतीने लावलेला, म्हणजे सर्व्हरवरच राहणारा मेल असेल तर नव्या सेवेचं स्थलांतराचं साधन तो परस्पर ओढून घेतं.

आणि वेबसाइट नव्याने करताना हमखास घडणारा प्रकार. नवा डिझायनर म्हणतो, ‘नेमसर्व्हर बदलून द्या.’ ते बदलले की अख्खं डीएनएसचं पान नव्या ठिकाणचं लागू होतं, आणि त्या पानावर एमएक्स कोणी लिहिलेलाच नसतो. वेबसाइट झकास दिसते, मेल मात्र यायचा थांबतो. डिझायनरला नेमसर्व्हर देऊ नयेत. त्याला लागणारी ‘ए’ किंवा ‘सीनेम’ची ओळ मागावी आणि आपणच आपल्या पानावर टाकावी.

तीन परवानग्या

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम घट्ट केले. जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक हवंच. दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क. ज्यांनी हे केलं नाही, त्यांचे मेल परत येतात किंवा स्पॅममध्ये जातात. लहान ऑफिसानेही तिन्ही लावून घ्यावं.

एसपीएफ ही एक टीएक्सटी ओळ; आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी. डोमेनला अशी ओळ एकच असावी लागते. नवी सेवा घेतली म्हणून दुसरी ओळ टाकली, तर दोन्ही निकामी होतात. त्याऐवजी पहिल्याच ओळीत भर घालायची. तिच्यात बाहेरच्या चौकशा जास्तीत जास्त दहा चालतात. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची अदृश्य सही. तिची किल्ली लांबलचक असते आणि काही जुनी पॅनेल २५५ अक्षरांहून मोठं मूल्य घेत नाहीत. तेव्हा ती तुकड्यांत द्यावी लागते किंवा छोटी किल्ली मागावी लागते. डीमार्क सांगतं, की या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं. सुरुवात ‘नन’ने करावी, म्हणजे फक्त अहवाल येतात. काही आठवडे अहवाल वाचून आपला कुठला खरा मेल नापास होतोय ते शोधावं. मग ‘क्वारंटाइन’, शेवटी ‘रिजेक्ट’.

हे खरे मेल सापडतात ते अनपेक्षित ठिकाणी: टॅलीतून थेट जाणारी बिलं, वेबसाइटवरचा चौकशी फॉर्म, पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर, स्कॅन करून मेल करणारं झेरॉक्स मशीन. यांतलं प्रत्येक एकतर नव्या मेल सेवेच्या लॉगिनने पाठवायला लावावं, नाहीतर एसपीएफच्या यादीत घ्यावं. खबरदारी म्हणून घेतलेल्या, मेलसाठी न वापरलेल्या जोड्यांनाही ‘कोणीही मेल पाठवू शकत नाही’ असं एसपीएफ आणि ‘रिजेक्ट’चा डीमार्क लावावा, त्याने आपल्या त्या नावाने बनावट मेल पाठवणं अवघड होतं.

तपासणी सोपी आहे. नव्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलला एक मेल पाठवावा, तो कॉम्प्युटरवर उघडावा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून ‘शो ओरिजिनल’ निवडावं. वरच्या छोट्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा ओळी येतात. तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं की जोडणी झाली. एकापुढेही ‘फेल’ असेल तर सेवा देणाऱ्याला त्याच पानाचा स्क्रीनशॉट पाठवावा; ‘मेल जात नाही’ या तक्रारीपेक्षा त्याने काम दहापट लवकर होतं.

ताबा आणि निरोप

रजिस्ट्रारचं खातं आणि मेलचं ॲडमिन खातं, ही दोन्ही मालकाच्या ताब्यात हवीत, दोन्हींना दुहेरी पडताळणी हवी, आणि ती कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर नको. ॲडमिन दोघे असावेत: एक मालक, दुसरा भागीदार किंवा घरातलं विश्वासू माणूस. आपत्कालीन कोड छापून कंपनीच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावेत. मालकाच्या अचानक मृत्यूनंतर कुटुंबाला डोमेन कुठे आहे हेच ठाऊक नसतं, तेव्हा या फाइलची किंमत कळते. कर्मचारी जाताना त्याचं खातं लगेच पुसू नये. पासवर्ड बदलावा, त्याच्या मोबाइलवरून लॉगआउट करावं, मेलबॉक्स जपावा आणि पत्ता त्याच्या जागी आलेल्या माणसाला एलियस म्हणून जोडावा.

कधी कंपनीचं नाव बदलतं, दोन फर्म एक होतात, आणि जुनं डोमेन नकोसं होतं. ते लगेच सोडू नये. सोडलेलं नाव दुसऱ्या कोणी घेतलं, तर त्या पत्त्यांवर येणारा प्रत्येक मेल त्याला मिळतो. त्यात पासवर्ड बदलण्याच्या लिंकही आल्या. आधी जीएसटी पोर्टल, आयकर, उद्यम नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी, बँका, विमा, वीज कंपनी आणि मोठे ग्राहक या प्रत्येक ठिकाणी नोंदलेला ईमेल बदलून घ्यावा. त्यानंतरही जुनं डोमेन निदान काही वर्षं रिन्यू करावं आणि त्यावरचा मेल नव्या मेलबॉक्समध्ये पडत राहील अशी सोय ठेवावी. तिथे सलग वर्षभर एकही कामाचा मेल आला नाही, की मगच त्याचं रिन्यू थांबवण्याचा विचार करावा.